अकरा प्रोजेक्ट आणि एकही अर्ज नाही

"नोकरी गेलीय, घरी बसून छोटे छोटे प्रोजेक्ट करतोय. इंटरव्ह्यूत त्यांना कोणी विचारतं का?" हा प्रश्न अलीकडे माझ्याकडे, समुपदेशनात, वरचेवर येतो. बेळगाव, खानापूर, निपाणीकडची मुलं इथल्याच कॉलेजांतून इंजिनिअर होऊन पुण्याला नाहीतर बेंगळुरूला जातात. कंपनीनं कमी केलं की तिथलं भाडं झेपत नाही आणि गाठोडं घेऊन गावी येतात. त्यांतल्या एकाबद्दल त्याच्या परवानगीनं लिहिते आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत.

मुलगा बेळगावातल्या शहापूरचा, तिशीच्या आतला. पुण्यात इन्फ्रास्ट्रक्चर इंजिनिअर होता, म्हणजे सर्व्हर चालते ठेवणाऱ्यांपैकी. क्लायंट गेला, त्याबरोबर टीमही गेली. घरी आई स्थळं बघत होती आणि समोरून पहिला प्रश्न ठरलेला: "मुलगा सध्या कुठं असतो?" त्यामुळे हा दिवसभर खोलीत, लॅपटॉपसमोर. आईला वाटायचं पोरगं काम करतंय, वडिलांना वाटायचं वेळ घालवतंय. दोघांचंही थोडं थोडं खरं होतं.

त्याच्या कामातलं मला काही कळत नव्हतं, म्हणून आधी तेच समजावून सांग म्हटलं. (हे मी मुद्दाम करते. आपण कुचकामी झालोय असं वाटणाऱ्या माणसाला शिकवायला बसवलं की आवाज बदलतो.) त्यानं सांगितलं, कंटेनर म्हणजे प्रोग्राम आणि त्याला लागणाऱ्या लायब्ररी एकत्र बांधायच्या आणि बाकीच्यांपासून अलग ठेवून चालवायच्या. व्हर्च्युअल मशीनसारखी आख्खी ऑपरेटिंग सिस्टीम आत भरायची नाही, कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, त्या मशीनचाच वापरायचा. म्हणून जुन्या लॅपटॉपवरही बरेच कंटेनर चालतात. २०१३ मध्ये कंटेनर बनवून चालवणारं डॉकर आलं, २०१४ मध्ये गूगलनं बरेच कंटेनर एकत्र सांभाळणारं कुबरनेटीस खुलं केलं आणि त्याच्या क्षेत्रातल्या नोकऱ्यांच्या जाहिराती वेगळ्याच दिसायला लागल्या. हे सगळं सांगताना तो एकदाही अडखळला नाही.

मग प्रोजेक्टची यादी निघाली. अकरा. लॅपटॉपवर के-थ्री-एसचा (म्हणजे हलक्या कुबरनेटीसचा) क्लस्टर, सर्व्हरवर नजर ठेवणारे प्रोमिथियस-ग्राफानाचे डॅशबोर्ड, लांब लिंका आखूड करणारी सेवा, असं बरंच. सगळे एका कमांडवर सुरू होत होते.

"यातलं एखादं रात्री बंद पडलं तर तुला फोन कुणाचा येईल?"

"कुणाचाच नाही, मॅडम."

"आणि अर्ज किती ठिकाणी केलेस?"

यावर तो बराच वेळ बोलला, पण के-थ्री-एसबद्दल. अर्ज एकही नव्हता. एवढं एक झालं की करतो, असं म्हणता म्हणता यादी अकरावर गेली होती.

चिंतेतलं टाळणं असंच चालतं. अर्जाचा विचार आला की पोटात गोळा येतो, नवा प्रोजेक्ट उघडला की गोळा जातो, आणि त्या सुटकेमुळेच पुढच्या वेळी हात आपोआप तिकडे वळतो. एखादा पोरगा दिवसभर झोपून राहिला तर घरचे ओरडतात तरी. याचं टाळणं कष्टासारखं दिसत होतं, म्हणून त्याला कोणी हटकत नव्हतं. तो स्वतःही नाही.

बारावा प्रोजेक्ट बंद, असं ठरलं. शिवाय सोमवारी आणि गुरुवारी सकाळी, टर्मिनल (कमांड द्यायची खिडकी) उघडण्याआधी एकेक अर्ज. सुरुवात अशा कंपन्यांपासून, जिथून नकार आला तरी फारसं लागणार नाही. आणि अकरांतला एक उचलून दुसऱ्या माणसाच्या उपयोगी पाडायचा.

उद्यमबागेत, बेळगावच्या औद्योगिक वसाहतीत, त्याच्या मामांचं मशीनिंगचं वर्कशॉप आहे. ड्रॉइंग काही पेनड्राइव्हवर, काही व्हॉट्सॲपवर. जुन्या ड्रॉइंगवर जॉब कापला जायचा आणि माल वाया जायचा. यानं ऑफिसातल्या जुन्या डेस्कटॉपवर कंटेनरमध्ये नेक्स्टक्लाउड (सगळ्यांच्या फायली एका जागी ठेवणारा प्रोग्राम) आणि त्याच्यासाठी पोस्टग्रेस डेटाबेस बसवला. पाच माणसं वापरायला लागली आणि खरी मजा सुरू झाली.

एके दिवशी लाईट गेली आणि आली. मशीन सुरू झालं, कंटेनर झाले नाहीत, कारण आपोआप पुन्हा सुरू व्हायची सूचना, म्हणजे रिस्टार्ट पॉलिसी, दिलीच नव्हती. "काय रं, ते तुझं बंद पडलंय की," मामांचा फोन. नंतर लॉगच्या, म्हणजे प्रोग्राम करत राहतो त्या नोंदींच्या, फायलींनी डिस्क भरली. डॉकर नेहमीच्या सेटिंगमध्ये त्या आपणहून छाटत नाही, मर्यादा आपण घालावी लागते. सगळ्यात मोठी गडबड झाली ती 'लेटेस्ट' टॅगमुळे, म्हणजे आवृत्तीचा नंबर न देता 'सगळ्यात नवी द्या' असं लिहिल्यामुळे. इमेज, म्हणजे कंटेनरचा साचा, ताजी करायला गेला तर पोस्टग्रेसची पुढची मोठी आवृत्ती उतरली, आणि जुन्या आवृत्तीच्या फायली बघून ती सुरूच व्हायला तयार नाही. डेटा कंटेनरबाहेर व्हॉल्यूममध्ये, म्हणजे डिस्कवरच्या वेगळ्या जागेत, होता म्हणून वाचला. त्यानं जुन्या आवृत्तीचा नंबर पक्का लिहून ती उठवली, डम्प, म्हणजे डेटाची प्रत, काढला, नव्या आवृत्तीत भरला. त्यानंतर बॅकअप दुसऱ्या मशीनवर उतरवून त्यातलं ड्रॉइंग उघडतंय का, हेही पाहिलं. त्या आठवड्यात तो माझ्याकडे आला तेव्हा डोळे तांबारलेले होते, आणि खुशीत होता.

हेच इंटरव्ह्यूत सांग, म्हटलं, तर गाडी इंग्रजीवर अडली. दहावीपर्यंत मराठी माध्यम. म्हणून आधी मराठीत सांगून घेतलं: काय बिघडलं, कशावरून कळलं, काय केलं, पुन्हा होऊ नये म्हणून काय बदललं. मग तेच छोट्या छोट्या इंग्रजी वाक्यांत. आपल्याकडची मुलं चूक झाकून यश सांगायला जातात. सर्व्हर सांभाळणाऱ्याच्या बाबतीत मला तर उलटंच शहाणपणाचं वाटतं: ज्याचं कधी काही बंदच पडलं नाही, त्यानं काही सांभाळलेलंच नसतं.

सर्टिफिकेटचंही सगळे विचारतात. कुबरनेटीसची सीकेए (सर्टिफाइड कुबरनेटीस ॲडमिनिस्ट्रेटर) ही दोन तासांची परीक्षा प्रत्यक्ष कमांड चालवून द्यावी लागते, त्यामुळे तिला वजन आहे. फी परवडत असेल तर जरूर द्या. "परीक्षा झाली की अर्ज करतो" हे वाक्य मात्र माझ्याकडे चालत नाही.

बायोडेटातल्या रिकाम्या महिन्यांच्या तारखा त्यानं होत्या तशाच ठेवल्या. दहा प्रोजेक्ट काढून टाकले आणि एक ओळ राहिली: लहान वर्कशॉपसाठी ड्रॉइंग सर्व्हर, पाच जण रोज वापरतात, बॅकअप उतरवून तपासलेला.

नकार आले, काहींनी उत्तरच दिलं नाही. शेवटी पुण्याच्या एका कंपनीचं सहा महिन्यांचं कंत्राटी काम मिळालं, घरूनच करायचं, पगार आधीपेक्षा कमी. इंटरव्ह्यूचा निम्मा वेळ पोस्टग्रेसच्या त्या भानगडीवरच गेला म्हणे. कंत्राट संपल्यावर काय, ही धास्ती आहेच, त्यासाठी तो अजून येतो. सोमवार-गुरुवारचे अर्ज त्यानं चालू ठेवलेत.