ब्रुनोला महिनाभर शिबिरात ठेवावे का?

प्रश्न : आमचा आठ महिन्यांचा लॅब्रडोर ब्रुनो फिरायला नेताना पट्टा ओढतो आणि पाहुणे आले की त्यांच्या अंगावर उड्या मारतो. मे महिन्यात लग्नकार्यासाठी आम्ही पुण्याला जाणार असल्याने त्याला हिंगणा रस्त्यावरील एका निवासी प्रशिक्षण शिबिरात ठेवावे, असा विचार आहे. पहिले पंधरा दिवस मालकाने भेटायचे नाही, त्यानंतर शंभर टक्के फरक दिसेल, असे तेथील चालक सांगतात. आपला सल्ला काय?
– एक वाचक, मनीषनगर, नागपूर

उत्तर : शिबिर कितीही चांगले असले तरी मे महिन्यात, तेही आपण गावात नसताना, ब्रुनोला शिकायला पाठवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. कुत्र्याला घाम जवळजवळ येतच नाही. तो धापा टाकून, म्हणजे जीभ व श्वासमार्गातील ओलावा वाफेच्या रूपाने बाहेर टाकून, शरीर थंड करतो. त्यामुळे पारा ४५ अंशांच्या आसपास असताना पत्र्याच्या शेडमध्ये नुसता कूलर लावून भागत नाही, कारण हवा बाहेर जायला वाट नसेल तर आत दमटपणा वाढतो आणि धापा टाकूनही त्याचे अंग निवत नाही. उष्माघाताने कुत्रा काही तासांत दगावू शकतो.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. कुत्रा जे शिकतो ते त्या जागेशी आणि त्या माणसाशी जोडून शिकतो. म्हणून शिबिराच्या मैदानावर प्रशिक्षकाच्या एका शब्दावर बसणारा ब्रुनो आपल्या दाराची घंटा वाजताच पूर्ववत उड्या मारू लागला, तर नवल नाही. ही सवय आपल्याच दारात मोडावी लागेल : चारही पाय जमिनीवर असतील तेव्हाच त्याला कुरवाळायचे आणि उडी मारली की पाठ फिरवायची, हा नियम घरातल्या आजोबांपासून शाळकरी मुलांपर्यंत सर्वांनी पाळला पाहिजे. जे शिबिर मालकालाही धडा देते, तेच निवडावे.

नव्या जागी रुळण्यासाठी दोन-तीन दिवस भेट टाळणे मी समजू शकतो, परंतु पंधरा दिवस दार बंद ठेवण्याचे कारण विचारलेच पाहिजे. (शंभर टक्क्यांची हमी तर मी माझ्या स्वतःच्या कुत्र्याचीही देणार नाही.) कुत्रा चुकला तर आपण काय करता, असा प्रश्न चालकांना विचारावा, उत्तरात काटेरी पट्टा, विजेचा झटका किंवा मार यांपैकी काही आले, तर तेथूनच परतावे. प्राण्याला मारहाण करणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे. रेबीज, डिस्टेंपर आणि पार्व्हो यांच्या लसीकरणाची नोंद त्यांनी आपण होऊन मागितली नाही, तर इतरांकडूनही मागितली नसणार, हे ओळखावे. गोचीड-नियंत्रणाचीही चौकशी करावी, कारण गोचिडांतून पसरणारा ताप एका कुत्र्याकडून साऱ्या शेडमध्ये पोहोचतो.

पुण्याच्या मुक्कामात ब्रुनोला परिचितांकडे किंवा केवळ सांभाळ करणाऱ्या, थंड व हवेशीर ठिकाणी ठेवावे आणि पाऊस सुरू झाल्यावर सकाळच्या वर्गाचा शोध घ्यावा. नाव नोंदवण्यापूर्वी ब्रुनोला घरी ठेवून एकटेच जा आणि एक पूर्ण वर्ग बघा; प्रशिक्षक जवळ येताच तेथील कुत्री शेपटी हलवीत पुढे येतात की शेपटी पायांत घालून अंग चोरतात, याकडे विशेष लक्ष द्यावे.