इनटेक मॅनिफोल्डची सफाई: वाचकांचे प्रश्न

मॅनिफोल्ड (सिलिंडरांकडे हवा नेणाऱ्या नळ्यांचा भाग) उतरवला. गॅस्केट (जोडातलं सील) चांगली दिसते, तीच परत बसवू का?

नाही. नवी घाला.

ॲल्युमिनियमचा मॅनिफोल्ड कॉस्टिक सोड्यात भिजवला तर चालेल?

नको, कॉस्टिक ॲल्युमिनियमच खातो. प्लास्टिकच्या मॅनिफोल्डला कोणतं क्लीनर चालतं, ते गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये पाहा.

डिझेल इंजिन चालू ठेवून हवेच्या पाइपात स्प्रे मारला की मॅनिफोल्ड न उतरवता साफ होतो, असं ऐकलं. करू का?

अजिबात नको. हाच प्रश्न सारखा येतो, म्हणून सविस्तर सांगतो. ईजीआरमधून (धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारी यंत्रणा) आलेली काजळी आणि क्रँककेसमधून (इंजिनाचा खालचा भाग) आलेली तेलाची वाफ मिळून आत डांबरासारखा थर बसतो. स्प्रेने तो सुटला तर जाणार कुठे? थेट सिलिंडरमध्ये! कडक खपली व्हॉल्व्ह आणि त्याच्या बसण्याच्या जागेच्या (सीटच्या) मध्ये अडकली की कॉम्प्रेशन गेलं. द्रव जास्त साचला तर पिस्टनला तो दाबता येत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. शिवाय स्प्रे स्वतः जळतो; डिझेल इंजिन त्यावर बेफाम वेग घेऊ शकतं आणि किल्ली बंद करूनही लगेच थांबेलच असं नाही.

थर जाड असेल तर मॅनिफोल्ड उतरवूनच साफ करायचा. उतरवल्याबरोबर इंजिनाच्या हेडमधली हवा आत जायची तोंडं स्वच्छ कापडाने बंद करा आणि कापडं मोजून ठेवा. स्वर्ल फ्लॅप (हवेला भोवरा देणाऱ्या छोट्या झडपा) असतील तर ते ढिले झालेत का, स्क्रू जागेवर आहेत का, हे मेकॅनिककडून बघून घ्या. ईजीआर आणि ब्रीदरही (क्रँककेसची वाफ बाहेर काढणारी नळी) तपासा; तेल येतच राहिलं तर थर पुन्हा बसणार.

डायरेक्ट इंजेक्शनची पेट्रोल गाडी आहे. टाकीत क्लीनर ओतल्याने इनटेक व्हॉल्व्ह साफ होतील?

नाही. या इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं, त्या व्हॉल्व्हवरून जातच नाही. इंजेक्टरला उपयोग होऊ शकतो, पण विकणारे सांगतात व्हॉल्व्हचं.

सफाईनंतर पेट्रोल गाडीचं आयडलिंग वरखाली होतं, शिट्टीसारखा आवाज येतो. दोन महिने तशीच चालवतोय.

दोन महिने कशासाठी थांबलात? बहुधा गॅस्केटपाशी बाहेरची हवा आत शिरतेय, त्यामुळे मिश्रणात हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं. गळती शोधायला गरम इंजिनावर ज्वलनशील स्प्रे मारू नका, आग लागते. स्मोक टेस्ट (आत धूर सोडून तो कुठून बाहेर येतो ते पाहणं) करून घ्या. मॅनिफोल्डचा पृष्ठभाग वाकलाय का, हे सरळ पट्टी आणि फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) तपासायला सांगा. बोल्ट मॅन्युअलमधल्या क्रमाने, टप्प्याटप्प्याने, टॉर्क रेंचनेच (आवळण्याचा जोर मोजणारा पाना) आवळायचे, अंदाजाने नाही. गाडी याच आठवड्यात दाखवा.