‘धंदा : भिक्षुकी’ म्हणजे नेमकं काय?

प्रश्न असा आला आहे : आजोबांच्या शाळेच्या जुन्या दाखल्यात जातीपुढे ‘हिंदू ब्राह्मण’ आणि पालकाच्या धंद्यापुढे ‘भिक्षुकी’ असं लिहिलेलं सापडलं. म्हणजे पणजोबा दारोदार भीक मागत होते का? तसं असेल तर घरात सगळे त्यांना विद्वान का म्हणत आले?

पणजोबा भीक मागत नव्हते. पूजा, मुंज, लग्न, वास्तुशांत, श्राद्धपक्ष ही कर्मं यजमानाच्या घरी जाऊन सांगायची आणि दक्षिणा व शिधा घ्यायचा, या पेशाचं सरळ चालू नाव भिक्षुकी असं होतं. वकिली, सावकारी, वैद्यकी, तशी भिक्षुकी. दाखला लिहिणाऱ्याने रोजच्या वापरातला शब्द लिहिला, त्यात हिणवण्याचा हेतू शोधू नये.

शब्दाचं कूळ पाहिलं की गोष्ट आणखी उलगडते. संस्कृत ‘भिक्ष्’ हे ‘भज्’ धातूचं इच्छार्थक रूप मानलं जातं. भज् म्हणजे वाटणं, वाटा घेणं. भाग, विभक्त, भक्त हे त्याच घरातले. तेव्हा भिक्षा म्हणजे मुळात वाटा मिळावा अशी इच्छा. मराठीत त्याच भिक्षेची भीक झाली आणि भिकारी आला, पण ‘भिक्षा’ आणि ‘भिक्षुक’ हे तत्सम शब्द वेगळ्या पंक्तीला बसून राहिले. मुंजीत बटू ‘भवति भिक्षां देहि’ म्हणतो आणि आई, मावश्या, आत्या भिक्षावळ घालतात, तेव्हा मुलगा भीक मागतोय असं कुणाच्या मनातही येत नाही. वेदपाठशाळेतला गरीब विद्यार्थी पाच घरी शिजवलेलं अन्न मागायचा ती माधुकरी. कोरडं धान्य मागून आणायचं ते कोरान्न. मागण्याच्या प्रत्येक रीतीला आपल्याकडे वेगळं नाव होतं आणि प्रत्येकीची पायरीही वेगळी होती.

आता मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट. शास्त्रात गृहस्थ हा दुसरा आश्रम आणि भिक्षू म्हणजे चौथ्या आश्रमातला संन्यासी. मराठी ब्राह्मणांनी ही जोडी उचलली आणि तिचा अर्थच बदलून टाकला. ‘आमचं घराणं गृहस्थांचं, त्यांचं भिक्षुकांचं’ असं म्हणताना दोन्ही घरांत बायकामुलं असत, दोन्ही घरं संसारी. फरक होता पोटापाण्याचा. कुलकर्णी, देशपांडे, फडणीस, पुढे इंग्रजी अमदानीतले मामलेदार, वकील, मास्तर हे गृहस्थ. धर्मकृत्यांवर चरितार्थ चालवणारे ते भिक्षुक. गुजरातेतल्या नागर ब्राह्मणांतही गृहस्थ आणि भिक्षुक हीच नावं चालतात. कर्नाटकात लौकिक आणि वैदिक, तेलुगू मुलखात नियोगी आणि वैदिकी असे भेद आहेत. ‘ब्राह्मण म्हणजे पुजारी’ हे समीकरण किती तोकडं आहे ते इथे कळतं. पौरोहित्य करणारे हा ब्राह्मणांतला एक भाग होता, आणि तोही बहुधा कमी पैशांतला.

बरं, प्रतिष्ठा तरी होती का? स्मृतींनी ब्राह्मणाची सहा कर्मं सांगितली : अध्ययन-अध्यापन, यजन-याजन, दान-प्रतिग्रह. त्यांतली शिकवणं, दुसऱ्यासाठी यज्ञ करणं आणि दान घेणं ही तीन उपजीविकेची. आणि त्याच मनुस्मृतीत असंही बजावलंय की दान घ्यायला पात्र असलेल्यानेही प्रतिग्रहाची सवय लावून घेऊ नये, त्याने ब्रह्मतेज उतरतं. म्हणजे ज्यावर पोट चालतं त्याच कामाकडे संशयाने पाहायचं. हा ताण सतराव्या शतकात मराठीतही दिसतो. दासबोधात भिक्षेवर आख्खा समास आहे. ‘ब्राह्मणाची मुख्य दीक्षा । मागितली पाहिजे भिक्षा’ असं समर्थ म्हणतात. त्याच काळात तुकोबा म्हणतात, ‘भिक्षापात्र अवलंबणें । जळो जिणें लाजिरवाणें’. शब्द एकच, एकाला तो व्रत वाटतो आणि दुसऱ्याला लाज. तुमच्या घरातली अडचण, पणजोबा विद्वान की भिकारी, ती निदान साडेतीनशे वर्षं जुनी आहे.

भिक्षुक हा सगळ्यांवर घातलेला एक सरसकट शब्द आहे, हेही ध्यानात ठेवा. आत पुष्कळ पायऱ्या होत्या. संहितेबरोबर पद, क्रम, जटा, घन या वेदपठणाच्या चढत्या कठीण रीती म्हणणारा तो वैदिक, घनापर्यंत पोचलेला तो घनपाठी. संहिता, ब्राह्मण, आरण्यक आणि शिक्षा, कल्प, व्याकरण, निघंटू, निरुक्त, छंद, ज्योतिष एवढं मुखोद्गत असलेला तो दशग्रंथी. धर्मकृत्यांचा विधी चालवणारा याज्ञिक, व्याकरण-न्याय पढलेला शास्त्री, पुराण सांगणारा पुराणिक. दशग्रंथी वैदिकाला सत्यनारायण सांगायला बोलावणं त्याला अपमानाचं वाटू शके. तुमचे पणजोबा यांतले कोण होते, हे ‘भिक्षुकी’ या एका शब्दावरून ठरवता येत नाही.

गावचा जोशी मात्र निराळा. त्याचं नाव ज्योतिषी या शब्दावरून आलं, पण गावगाड्यात तो वतनदार, म्हणजे पिढीजात हक्काचा मानकरी. बारा बलुतेदारांच्या याद्यांत सुतार, लोहार, कुंभार यांच्याबरोबर जोशीही येतो. तिथी-मुहूर्त सांगायचे, लग्नं लावायची आणि सुगीला खळ्यावरून आपलं बलुतं न्यायचं. त्याला मागावं लागत नसे, तो त्याचा हक्क होता. हाच हक्क पुढे कोर्टात गेला. 1873 साली जोतीराव फुल्यांनी सत्यशोधक समाज काढला आणि लोक भटाशिवाय लग्नं लावू लागले, तेव्हा जोशीवतनदारांनी ‘बोलावलं नाही तरी आमची दक्षिणा द्या’ म्हणून दावे लावले. ज्याची सेवा घेतलीच नाही त्याला पैसे का द्यायचे, हा शेतकऱ्यांचा सवाल मला आजही बिनतोड वाटतो. 1926 साली मुंबई इलाख्यात कायदा होऊन असे हक्क निकालात निघाले.

मागणारा म्हणवणाऱ्याच्या हातात सत्ताही होती, ती लपवू नये. कोणासाठी वेदोक्त, म्हणजे वेदांतले वरच्या मानाचे मंत्र म्हणायचे आणि कोणासाठी पुराणोक्त, म्हणजे पुराणांतले खालच्या मानाचे, हे तोच ठरवायचा. 1899 मध्ये कार्तिकस्नानाला पंचगंगेवर कोल्हापूरच्या शाहू महाराजांसाठी पुराणोक्त मंत्र म्हटले गेले, त्यातून वेदोक्ताचा वाद पेटला. राजोपाध्यांचं वतन गेलं आणि 1920 साली महाराजांनी क्षात्रजगद्गुरूंचं, म्हणजे ब्राह्मणेतर धर्मगुरूंचं, पीठ उभं केलं. जिथे छत्रपतींची ही गत, तिथे खेड्यातल्या कुणब्याची काय असेल? याच काळात ‘भिक्षुकशाही’ हा शब्द हत्यारासारखा परजला गेला. प्रबोधनकार ठाकऱ्यांनी तर ‘भिक्षुकशाहीचे बंड’ हे नावच पुस्तकाला दिलं. त्यांचा राग योग्य होता. पण शब्दाची रया एकट्या सुधारकांमुळे गेली असं मी मानत नाही. त्याआधीपासून गृहस्थ ब्राह्मणच भिक्षुकाला खालचा लेखत आले होते. इंग्रजी शिकलेल्या पोराने ‘मी काही भिक्षुकी करणार नाही’ म्हणावं आणि बापानेही मान डोलवावी, असं घरोघरी झालं. ‘भट’ची गतही तीच. मुळात ‘भट्ट’ हा विद्वानाचा किताब. रायगडावर 1674 मध्ये शिवरायांना राज्याभिषेक करणारे गागाभट्ट त्याच किताबाचे. आणि बोलीत काय उरलं? ‘भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी’. आता भिक्षुक, भटजी दोन्ही मागे पडून सगळे ‘गुरुजी’ म्हणतात. पुण्यात ज्ञानप्रबोधिनीने बायकांना आणि सर्व जातींच्या लोकांना पौरोहित्य शिकवलं, त्यांच्या बाबतीत ‘भिक्षुकी’ कुणी म्हणत नाही, ‘पौरोहित्य’ म्हणतात.

तो दाखला लपवू नका. घरात आणखी जुने कागद असतील तर त्यांत वर्षासन, इनाम, वृत्ती, उपाध्येपण, यजमानकृत्य हे शब्द शोधा. वर्षासन निघालं तर पणजोबांना किंवा त्यांच्या वाडवडिलांना कुठल्या तरी दरबाराकडून वा संस्थानाकडून वर्षाला ठरलेली रक्कम मिळत होती. वृत्ती निघाली तर ठरावीक यजमान पिढीजात त्यांचे होते, आणि भाऊबंदांत त्या यजमानांची वाटणीही झालेली असेल. नाशिक-त्र्यंबकला तुमच्या घराण्याचे क्षेत्रोपाध्ये, म्हणजे तीर्थक्षेत्रातले पिढीजात पुरोहित, कोण ते माहीत असेल तर त्यांच्या चोपड्या पाहा. तिथे गेलेल्या पूर्वजांची नावं आणि गाव लिहिलेलं असतं.