इंग्लंडची भेट पाठवायची तर आधी कप उलटा करा

इंग्लंडहून पुण्याला घरच्यांसाठी भेट पहिल्यांदाच पाठवताय ना, मग तीनच गोष्टी सांभाळा: निवड, पॅकिंग आणि पाठवणी.

सगळ्यात नेहमीची चूक म्हणजे 'ब्रिटिश' तेच 'इंग्लिश' समजणं. शॉर्टब्रेड (लोण्याची बिस्किटं) आणि हॅरिस ट्वीड (लोकरी कापड) स्कॉटलंडचे, कोरीव लाकडी लव्हस्पून वेल्सचे. अस्सल इंग्लिश हवं तर स्टोक-ऑन-ट्रेंटची कपबशी, कंब्रियातला केंडल मिंट केक (नावालाच केक, खरं तर पेपरमिंटची साखरवडी) किंवा इंग्लंडमध्येच बनलेला संत्र्याचा मार्मलेड (सालीसकट केलेला जॅम) घ्या. वूस्टरशर सॉस मस्तच, पण पारंपरिक सॉसमध्ये अँकोव्ही मासे असतात. शाकाहारी घरी नको.

कप घेताना तळ बघा. 'मेड इन इंग्लंड' आणि 'डिझाइन्ड इन इंग्लंड' यांत जमीन-अस्मानाचा फरक. स्टेशनवरच्या झेंडेवाल्या मगवर बहुधा यातलं काहीच नसतं.

पॅकिंगमध्ये कान आधी तुटतो. म्हणून कानाच्या पोकळीत टिश्यू भरा, कपाच्या आतही कागद कोंबा, मग बबल रॅप. खोक्यात चहूबाजूंनी निदान ५ सेंमी भरण हवं. हलवून बघा, खुळखुळलं तर पुन्हा उघडा.

कोणी सोबत नेणार असेल तर मार्मलेड चेक-इन बॅगेतच द्या. केबिन बॅगेत तो द्रवात धरतात, १०० मिलीची मर्यादा लागू शकते. पार्सल करणार असाल तर कस्टम्सच्या फॉर्मवर नुसतं 'गिफ्ट' लिहू नका; वस्तू, नग आणि खरी किंमत लिहा. भारतात कस्टम्स ड्युटी भेट मिळणाऱ्याच्या माथी पडू शकते, तेव्हा त्यांना आधी कल्पना द्या.

स्टिल्टन चीज, क्लॉटेड क्रीम (घट्ट साय) वगैरे नाशवंत दुधाचे पदार्थ सध्या विसरा. आणि पुण्याला चहा कशाला? यॉर्कशर टीमध्येही आसामची पानं असतात!