जीडीबीची कमांड घरी चालते, लॅबमध्ये का नाही?

(जीडीबी म्हणजे चालू प्रोग्रॅम मधेच थांबवून त्यातली चूक शोधायचं टूल. प्रश्नांत आणि उत्तरांत कमांड देवनागरीत छापल्यात, टाइप करताना इंग्रजी स्पेलिंगच टाका. मागच्या वेळी एकानं खरंच 'ब्रेक मेन' मराठी कीबोर्डवर टाकून बघितलं होतं.)

प्रश्न : सर, मी डिप्लोमाला आहे, राजारामपुरीत रूमवर राहतो. लॅपटॉपवर उबंटू २४.०४ आहे, त्यात जीडीबीची 'पाइप' कमांड शिकलो, 'लिस्ट' पुढं टिंब द्यायचं तेपण लई आवडलं. कॉलेजच्या लॅबमध्ये 'पाइप' टाकलं तर 'अनडिफाइन्ड कमांड' म्हणतंय, टिंबालाही एरर, प्रॅक्टिकलला सगळ्यांसमोर पोपट झाला. माझं काय चुकलं?

उत्तर : तुझं काही चुकलं नाही भावा, लॅबचं मशीन म्हातारं झालंय. तिथं 'शो व्हर्जन' मारून बघ, उबंटू १८.०४ असेल तर जीडीबी ८.१ च्या घरातलं दिसेल. 'पाइप' आली ९.१ मध्ये, २०२० साली, आणि 'लिस्ट'चं टिंब तर १४.१ मध्ये, म्हणजे २०२३ चा डिसेंबर. एरर मेसेज एवढंच सांगतो की कमांड माहीत नाही, जुनं व्हर्जन आहे असं काही म्हणत नाही, त्यामुळं पोरं स्पेलिंगच तपासत बसतात.

लॅबमध्ये काम कसं काढायचं ते सांगतो. 'लिस्ट' चार-पाच वेळा दाबलं की कोड पुढं पुढं सरकत जातो आणि आपण थांबलो होतो ती ओळ कुठं गेली तेच कळत नाही, तिथं परत यायला टिंब आहे. जुन्यात त्याऐवजी 'लिस्ट' लिहून पुढं तारा, डॉलर आणि पीसी असं जोडून टाक, तेच काम होतं. 'पाइप'चं काम म्हणजे जीडीबीचं आउटपुट सरळ 'ग्रेप' (हवा तो शब्द शोधणारी कमांड) नाहीतर 'लेस'ला (पानापानानं दाखवणारी) देणं, वीस थ्रेडचा बॅकट्रेस, म्हणजे कुठल्या फंक्शननं कुठलं बोलावलं त्याची यादी, आला की त्याची किंमत कळते. जुन्यात 'सेट लॉगिंग ऑन' कर, सगळं जीडीबी डॉट टीएक्सटी फाइलमध्ये जातं, मग दुसऱ्या टर्मिनलमधनं ग्रेप मार. पण हीच कमांड घरी वापरशील तर १२ व्हर्जनपासनं ती बाद ठरवलीय, आता 'सेट लॉगिंग एनेबल्ड ऑन' म्हणायचं. म्हणजे उलटापण त्रास आहेच.

प्रश्न : नमस्कार. शिरोली एमआयडीसीत कंट्रोलर बोर्डचं काम करतो. प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये डॉट जीडीबीइनिट फाइल (जीडीबी चालू होताना वाचतं ती कमांडची फाइल) ठेवलीय, त्यात सगळे ब्रेकपॉइंट, म्हणजे प्रोग्रॅम थांबवायच्या जागा, आहेत. जुन्या पीसीवर आपोआप लोड व्हायची, नवीन पीसीवर 'ऑटो-लोडिंग डिक्लाइन्ड' असली वॉर्निंग येते आणि काहीच होत नाही.

उत्तर : तुमचा जुना पीसी फारच जुना असणार, नाहीतर कुणीतरी त्यात आधीच परवानगी देऊन ठेवली असणार, कारण हा बदल ७.५ मधला, २०१२ चा आहे. त्या फाइलमध्ये 'शेल' कमांडसुद्धा (टर्मिनलवरची कुठलीही कमांड चालवणारी) लिहिता येते, म्हणजे कुणाचातरी कोड उतरवून घेतला आणि त्या फोल्डरमध्ये नुसतं जीडीबी चालू केलं तरी तुमच्या मशीनवर काहीही चालवता आलं असतं. म्हणून आता परवानगी दिल्याशिवाय जीडीबी ती फाइल उघडत नाही. तुमच्या होम फोल्डरमधल्या डॉट जीडीबीइनिटमध्ये 'अ‍ॅड-ऑटो-लोड-सेफ-पाथ' आणि पुढं प्रोजेक्टचा पूर्ण पाथ, एवढी एक ओळ टाका. बरेच जण वैतागून तिथं नुसता स्लॅश देतात म्हणजे सगळी डिस्कच मोकळी, तसलं काही करू नका.

प्रश्न : जीडीबीत 'वॉच' (किंमत बदलली की प्रोग्रॅम थांबवणारी कमांड) लावला की थोड्या वेळानं आपोआप डिलीट होतो. बग आहे का?

उत्तर : बग नाही. तुम्ही 'वॉच पी->वजन' असं काहीतरी लावलं असणार आणि 'पी' हा फंक्शनमधला लोकल पॉइंटर, म्हणजे मेमरीतला पत्ता ठेवणारं व्हेरिएबल, असणार. फंक्शन संपलं की 'पी' संपला, मग जीडीबी कशावर लक्ष ठेवणार? 'वॉच -एल पी->वजन' असं लावा. मग ते नाव सोडून मेमरीतली ती जागाच धरून ठेवतं.

यानंच माझी एकदा अब्रू वाचलीय. एका फाउंड्रीच्या वजनकाट्याचा प्रोग्रॅम होता, सीमध्ये लिहिलेला. बारा टनाचा ट्रक काट्यावर चढायचा आणि पावतीवर ५२ किलो! कधी ५५, कधी ४९, पण कायम ४८ ते ५७ च्या मधेच, आणि तेसुद्धा काहीच गाड्यांना. मालक म्हणाले काटा बिघडलाय, काटेवाला म्हणाला सॉफ्टवेअर. दोन दिवस मी किंमती छापून बघायला प्रिंटएफ टाकत बसलो, शेवटी 'वॉच -एल' लावला तर पुढच्याच गाडीला थांबलं ते थेट स्ट्रकॉपीच्या (मजकूर कॉपी करणारं सीचं फंक्शन) आत. 'अप' मारून ते बोलावणाऱ्या फंक्शनमध्ये आलो तर गाडी नंबर कॉपी करायची ओळ. नंबरला अ‍ॅरे ११ चा, एमएच०९ पासनं सलग लिहिलं तर १० अक्षरं आणि मजकूर संपल्याची खूण म्हणून शेवटचा शून्य, बरोबर बसतं. पण रात्रपाळीचा पोरगा मधे डॅश घालून टाइप करायचा, म्हणजे १३ अक्षरं. अ‍ॅरेला लागून एक बाइट रिकामा आणि त्याच्या पुढं वजन. वजन आधी भरलेलं असायचं, मग नंबरचा शेवटचा आकडा नेमका त्याच्यावर जाऊन बसायचा आणि त्याच्या मागनं शून्य. आस्कीमध्ये (अक्षरांना कॉम्प्युटरनं दिलेले नंबर) '४' हा आकडा म्हणजे ५२, '७' म्हणजे ५५. ट्रकचं वजन म्हणून आम्ही त्याच्याच नंबर प्लेटचा शेवटचा आकडा छापत होतो.

अ‍ॅरे वाढवला, स्ट्रकॉपी काढून जागेपुरतंच लिहिणारं एसएनप्रिंटएफ टाकलं. पोरगा अजून डॅश घालतो.