तिकीट नाही, तरी वर्ल्ड कप?

प्रश्न : जून 2026 मध्ये मुलीकडे डॅलसला जातोय. फुटबॉल वर्ल्ड कप तिथेच आहे, पण तिकिटं परवडत नाहीत. काय करता येईल? – एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : स्टेडियमच्या वाटेला जाऊ नका. ते शेजारच्या आर्लिंग्टनमध्ये आहे आणि तिकिटाशिवाय जवळ फिरकू देत नाहीत. गाठायचं ते डॅलसचं फेअर पार्क. फिफाचा फॅन फेस्टिव्हल तिथेच, म्हणजे मोठ्या पडद्यांवर सामने पाहायची जागा. ‘डार्ट’ रेल्वेची ग्रीन लाइन थेट तिथे जाते. नावनोंदणी आणि बॅगेचे नियम आदल्या दिवशी तपासा. मोठी सॅक आणि घरचा डबा बहुधा गेटवरच अडतो, त्यामुळे शेंगाचटणी मुलीकडेच राहू द्या! अमेरिका किंवा मेक्सिकोचा सामना असेल तर दोन तास आधी पोचा. जागा भरली की प्रवेश थांबतो. पारा 35 अंशांपुढे जातो, त्यात हवा दमट. सोलापूरच्या उन्हाची सवय तिथे पुरत नाही. टोपी हवीच. गर्दीत नेटवर्क कोलमडतं, म्हणून भेटायची जागा आधीच ठरवा. आणि कुणी तिकिटाचा स्क्रीनशॉट स्वस्तात देऊ केला, तर घेऊ नका; तिकीट फिफाच्या ॲपमधूनच चालतं.