जुन्या घराचा रंग आणि चवथीची घाई

प्रश्न: फोंड्याला आमचे वडिलोपार्जित घर आहे. सागवानी चौकटींवर ऑइलपेंटचे पाच-सहा थर चढलेत. पेंटर म्हणतो, ब्लोलॅम्पने जाळून काढू, आतून सुंदर लाकूड निघेल.

जाळून मुळीच नको. घरगुती रंगांतल्या शिशावर दहा लाख भागांत 90 भागांची मर्यादा लागू झाली ती नोव्हेंबर 2017 पासून. त्याआधीच्या ऑइलपेंटमध्ये शिसे आहे असेच धरून चाला. जाळले की धूर, कोरडे घासले की धूळ. घरात रांगते मूल असेल तर ती थेट त्याच्या तोंडात. खाली प्लास्टिक अंथरून, पाणी मारत, सुटलेला तेवढाच रंग खरवडा. घट्ट बसलेल्या थराला ओला वॉटरपेपर (पाण्यात भिजवून वापरायचा पॉलिश पेपर) फिरवून प्राइमर द्या.

राहिले सुंदर लाकूड. आधी दाराआड, बिजागरीजवळ तळहाताएवढी जागा उघडून बघा. मी हौसेने अख्खे दार सोलले, तर तीन फळ्या सागाच्या आणि चौथी फणसाची, तीही लांबीने (पुट्टीने) बुजवलेली. आजोबांनी रंग का दिला होता ते तेव्हा कळले. मुकाट्याने पुन्हा रंगवले.

प्रश्न: दर वर्षी चवथीआधी भिंती रंगवतो, तरी खालच्या दोन-तीन फुटांत पापुद्रे सुटतात, पांढरी पूड येते. यंदा महागडे प्लास्टिक इमल्शनही लावले. (डिचोली)

दुखणे वाढवले ते त्या इमल्शननेच. तुमच्या भिंतींचा चिरा, म्हणजे जांभा दगड, सच्छिद्र. जमिनीतली ओल त्यातून वर चढते आणि चुन्याच्या गिलाव्यातून हवेत निघून जाते. तुम्ही तिची वाट बंद केलीत. ओलीबरोबर आलेले क्षार रंगामागे साचतात आणि पापुद्रा ढकलतात. ती पूड म्हणजे लोणा. सिमेंटचा गिलावा करायला कोणी सांगेल, तर ऐकू नका, ओल आणखी वर चढेल. रंग खरवडा, लोणा कोरड्या ब्रशने झाडा (धुतलात तर क्षार परत आत), पागोळ्यांचे पाणी भिंतीशी साचते का तेही बघा. मग चुन्याचे दोन-तीन पातळ हात.

आणि चवथीआधी म्हणजे भर पावसात, ओल्या भिंतीवर! गणपतीवर फळाफुलांची माटोळी बांधायच्या आधी घर उजळायला हवे, हे मान्य. आमच्याकडेही तेच चालायचे. पण हे काम मार्च-एप्रिलमध्ये उरका.

प्रश्न: आधी भिंत की लाकूड?

लाकडाचे घासणे, लांबी, प्राइमर आधी. मग छत, भिंत. चौकटीचा शेवटचा हात सगळ्यात शेवटी. चुना करणार असाल तर उघडे सागवान नीट झाका, ओल्या चुन्याने ते काळवंडते.

प्रश्न: खिडक्यांना शिंपल्यांची तावदाने आहेत. त्यांच्यावरचे रंगाचे डाग ॲसिडने काढू का?

नको. शिंपला कॅल्शियम कार्बोनेटचा. ॲसिडच काय, व्हिनेगरसुद्धा त्याला खाते. डाग नखाने अलगद उचला, निघाले नाहीत तर राहू द्या.